'उतार आहे' म्हणून सोडलेला घसा

हे प्रकरण बावीस वर्षांच्या एका मुलाचं आहे आणि थोडंसं माझंही. त्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वार, वेळा आणि माझी चूक तशीच ठेवली आहे.

सोमवारी संध्याकाळी त्याचा घसा खवखवायला लागला. रात्री कणकण आली आणि मंगळवारी सकाळी ताप १०२ झाला. खोकला नाही, सर्दी नाही, नुसतं गिळताना दुखत होतं. आईने मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर दोन्ही टॉन्सिल लालभडक आणि त्यांवर पांढरे ठिपके. घरात अँटिबायोटिकची एक पट्टी पडून होती, मोठ्या बहिणीच्या दाढदुखीच्या वेळची. तिच्यात चार गोळ्या उरल्या होत्या. मंगळवार-बुधवारात त्या संपल्या. जोडीला दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालूच होतं.

बुधवारी रात्री त्याच्या आईचा मला फोन आला. या घराला मी पंधरा-सोळा वर्षं ओळखतो, त्यामुळे बोलणं सरळ मुद्द्यावरच सुरू झालं.

"डॉक्टर, याचा ताप शंभरच्या खाली आलाय. घसा दुखतोच आहे, पण कालपेक्षा बरं वाटतंय म्हणतो."

"श्वासाला काही त्रास?"

"नाही."

"पाणी पितोय?"

"पितोय, थोडं थोडं."

"मग उतार आहे, वहिनी. गुळण्या करू दे, पॅरासिटामॉल चालू ठेवा. दोन दिवसांनी बघू."

फोन दोन मिनिटांत संपला आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. नंतर कळलं की तो ताप गोळी घेतल्यावर दीड तासाने मोजलेला होता. उरलेल्या अँटिबायोटिकचं मी विचारलं नव्हतं आणि आपणहून कोण सांगतं? सगळ्यात मोठी चूक म्हणजे ज्याचा घसा दुखत होता त्याच्याशी मी एक शब्दही बोललो नव्हतो.

गुरुवारी ताप फारसा नव्हता, पण दुखणं उजव्या बाजूला सरकलं. दुपारपासून उजवा कान ठणकायला लागला. घरच्यांना वाटलं, आता कानही धरला. कपाटातली कानाच्या थेंबांची जुनी बाटली काढली. शुक्रवारी तोंड नीट उघडेना, दात घासायला ब्रश आत जाईना. बोलणं असं येऊ लागलं की तोंडात गरमागरम घास आहे आणि तो धड गिळताही येत नाही, टाकताही येत नाही. शुक्रवारची रात्र त्याने उशीला टेकून, मांडीवर टॉवेल घेऊन काढली. लाळ गिळता येत नव्हती, म्हणून ती टॉवेलात टिपत बसला होता.

शनिवारी सकाळी तो दवाखान्यात आला तेव्हा तो टॉवेल हातातच होता. मी विचारलं, "काय रे, कसं वाटतंय?" त्याने उत्तर दिलं, पण शब्द कळले नाहीत. आईने सांगितले. निम्मं निदान मला तिथेच झालं होतं.

ताप १०१.५, नाडी ११२. ओठ कोरडे. आदल्या रात्रीपासून लघवी एकदाच झालेली, तीही गडद. ऑक्सिजन ९८ टक्के. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज नाही, पुढे वाकून बसावं लागत नाही. हे दोन्ही मी तोंडात टॉर्च घालण्याआधी बघून घेतो. कारण श्वासनलिकेच्या तोंडावरचं झाकण सुजलं असेल तर घशात चमचा घालून ढोसणं धोक्याचं असतं. लहान मुलांत तर विशेषच.

मग त्याला तोंड उघडायला सांगितलं. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी घालता आली पाहिजेत, मोठ्या माणसाचा साधारण हिशेब हा. त्याची दीड बोटं जेमतेम गेली. त्या फटीतून जीभ दाबून पाहिलं. उजव्या बाजूची मऊ टाळू फुगून पुढे आलेली, ताणलेली, चकचकीत. टॉन्सिल आत आणि खाली ढकललेला. पडजीभ मधोमध लोंबायची, ती चक्क डावीकडे सरकली होती. जबड्याच्या उजव्या कोपऱ्याखाली दुखऱ्या गाठी. आणि कान? पडदा स्वच्छ, मोत्यासारखा. कानात काहीच नव्हतं.

टॉन्सिलभोवती गळू झालं होतं. डॉक्टरी भाषेत पेरिटॉन्सिलर ॲब्सेस, जुन्या पुस्तकांत क्विन्झी. तरुण माणसांत हे जास्त दिसतं.

आता हे आत काय झालं ते सांगतो, कारण ते कळलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. टॉन्सिलला एक पातळ वेष्टण असतं. त्याच्या पलीकडे घशाच्या भिंतीचा स्नायू. या दोघांमध्ये सैल पेशीजालाची पोकळशी जागा असते. टॉन्सिलचा संसर्ग वेष्टण ओलांडून या जागेत शिरला की आधी तिथे सूज येते आणि मग पू साचतो. टॉन्सिल दोन्ही बाजूंना सुजतात, पण असा पू बहुतेक वेळा एकाच बाजूला होतो. म्हणून दुखणं एका बाजूला सरकतं. पू वाढला की टाळू पुढे येते आणि पडजिभेला पलीकडे रेटते. शेजारीच जबडा मिटणारा एक स्नायू आहे. सूज त्याला भिडली की तो आवळतो आणि तोंड उघडेनासं होतं. टाळू हलत नाही म्हणून आवाज कोंडल्यासारखा येतो. आणि कान ठणकतो तो मज्जातंतूमुळे. घशाच्या त्या भागाची जाणीव मेंदूकडे नेणारी नववी मस्तिष्क नस मधल्या कानालाही एक फांदी देते. दुखणं घशाचं, पण मेंदूला ते कानाचं वाटतं. थेंब घालणाऱ्या घरच्यांना मी दोष देत नाही. कानात काही दिसत नसताना कान दुखला तर घसा बघावा, हे डॉक्टरांनाही शिकवावं लागतं.

(दातखीळ बसली की धनुर्वाताचाही विचार करावा लागतो. जखम झाली होती का, ते मी त्याला विचारलं. झाली नव्हती, आणि टाळूवरचा फुगवटा समोर दिसतच होता.)

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ मैत्रिणीला फोन केला आणि त्याला घेऊन तिच्याकडेच गेलो. तिने टाळूवर बधिरतेचा फवारा मारला, थोडं थांबून एक टोचणही दिलं. मग जाड सुई लावलेली सिरिंज घेतली. सुईच्या टोपणाचं टोक कापून ते सुईवर परत चढवलं, असं की पुढे सेंटीमीटरभरच सुई उघडी राहावी. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी टॉन्सिलच्या मागे आणि बाहेरच्या बाजूला दोन-अडीच सेंटीमीटरवरून जाते, म्हणून ही खबरदारी. पहिल्या टोचणीत काही आलं नाही. दुसरी जरा वर, फुगवट्याच्या माथ्यावर. सिरिंजमध्ये पिवळट-हिरवा पू चढू लागला. सहा मिलिलिटर. वासाने खोली भरली. तिच्या मदतनीस बाईंनी न बोलता खिडकी उघडली.

दहा-पंधरा मिनिटांनी त्याने पाणी मागितलं. "पाणी" हा शब्द मला स्वच्छ कळला, आईने सांगावा लागला नाही. अर्धा ग्लास तो सावकाश पण स्वतः प्याला.

त्याला एक दिवस भरती केलं. शिरेतून सलाइन आणि अँटिबायोटिक, सूज उतरायला स्टेरॉइडचा एक डोस. दुसऱ्या दिवशी तोंडाने गोळ्या सुरू केल्या, त्या पुढे दहा दिवस. बहुतेकांना सुईने किंवा छोट्या छेदाने पू काढणं आणि अँटिबायोटिक एवढं पुरतं. पू काढल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर विसंबणं मात्र बेभरवशाचं. पू तसाच राहिला तर तो गळ्याच्या खोल जागांमध्ये उतरू शकतो, झोपेत फुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. क्वचित गळ्याच्या मोठ्या शिरेत गुठळी होऊन संसर्ग फुफ्फुसांपर्यंत पोचतो.

त्या चार गोळ्यांमुळे गळू झालं का, असं त्याच्या आईने मला विचारलं. खात्रीने तसं म्हणता येत नाही. पूर्ण औषध घेणाऱ्यांनाही गळू होतं आणि काहींना तर आधी टॉन्सिलचा ठळक त्रासही झालेला नसतो. पण त्या गोळ्यांनी आणि पॅरासिटामॉलने मिळून चित्र पुसट केलं, एवढं नक्की. आईला उतार दिसला, आईच्या शब्दांतून तो मला दिसला. आजार आपला आत पुढे सरकत होता.

मग बुधवारी मी काय करायला हवं होतं? त्याला बोलावून घ्यायला हवं होतं, आणि हे मी आता शहाणपणा सुचला म्हणून म्हणत नाही. १९८१ साली रॉबर्ट सेंटर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या घसादुखीसाठी चार खुणा मांडल्या, त्या आजही वापरात आहेत: ताप, टॉन्सिलवर पांढरं साचणं, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. पुढे त्यात वयाचा हिशेब मिळवला गेला. याच्या तीन खुणा तर फोनवरच विचारून मिळाल्या असत्या. चौथ्या खुणेसाठी गळ्याला हात लावावा लागतो, म्हणजेच बोलवावं लागतं. चारही खुणा असल्या तरी साधारण निम्म्याच माणसांत स्ट्रेप्टोकॉकस हा घसा धरणारा जिवाणू सापडतो, म्हणून घशातून बोळा फिरवून तपासणी करायची आणि मग औषध ठरवायचं. खुणा एखाददुसरीच असेल तर तपासणीचीही गरज बहुधा नसते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे वाचून प्रत्येक खवखवीला लोक धास्तावतील. मोठ्या माणसांच्या घसादुखीत जिवाणू स्ट्रेप्टोकॉकसचा वाटा ५ ते १५ टक्के, मुलांत २० ते ३० टक्के. बाकी बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात आणि औषध घेतलं न घेतलं तरी आठवड्याभरात बरे होतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, अशा लवाजम्यासह आलेली घसादुखी विषाणूची असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग शून्य आणि जुलाब-पुरळ फुकटचे. एबस्टीन-बार विषाणूच्या आजारात टॉन्सिल असेच पांढरे होतात, आणि त्यात कोणी अमॉक्सिसिलिन घेतलं तर अंगभर पुरळ उठू शकतं. उरलेली पट्टी स्वतःच्या मनाने घेण्यातला हा आणखी एक डाव.

खरा स्ट्रेप्टोकॉकस असेल तर औषधाचा कोर्स पुरा करण्याला अर्थ आहे, मुलांत विशेष. हा संसर्ग बरा झाल्यासारखा वाटून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. ५ ते १५ हे वय सगळ्यात जोखमीचं. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी हा धोका टळतो. म्हणजे तपासणीचा निकाल येईपर्यंत एक-दोन दिवस थांबलं तर बिघडत नाही, ही सवड लोकांना माहीत नसते. काही डॉक्टरांनाही ती आठवत नाही.

घसा किती दुखतो याला लोक फार महत्त्व देतात. "असह्य दुखतंय" म्हणत आलेला माणूस चौथ्या दिवशी हसत फिरतो. या मुलाला शुक्रवारी विचारलं असतं तर "मंगळवारी जास्त दुखत होतं" असंही तो म्हणाला असता. मी आता वेगळं विचारतो. दुखणं दोन्हीकडे की एकीकडे? तोंड पूर्ण उघडतं का? स्वतःची लाळ गिळता येते का? आवाज बदललाय का? घसा बसून खरखरीत झालेला आवाज वेगळा आणि घशात काही अडकल्यासारखा कोंडलेला आवाज वेगळा. आणि मधे बरं वाटून परत वाढलंय का? यातल्या एकालाही नको तसं उत्तर आलं तर त्याच दिवशी बघायचं, ताप असो वा नसो.

काही वेळा दवाखाना उघडायचीही वाट बघायची नसते. श्वास घेताना आवाज येतोय, माणूस पुढे वाकून हनुवटी काढून बसलाय, तोंडातून लाळ गळतेय, तर थेट आपत्कालीन विभाग गाठायचा. मूल असेल तर त्याला आडवं करू नये आणि बळेच तोंड उघडून बघू नये. त्याला जसं बसावंसं वाटतं तसंच मांडीवर बसवून न्यावं. मान ताठरली, गळा बाहेरून सुजला, किंवा कीटक चावल्यावर वा नवं औषध घेतल्यावर ओठ-जीभ सुजून घसा आवळल्यासारखा वाटला, तरीही तसंच. टॉन्सिलवर राखाडी, चिकट पडदा दिसला आणि तो काढू जाता रक्त आलं तर घटसर्पाची शंका घ्यावी लागते, लसीकरण अपुरं असेल तर अधिकच. घशात-जबड्यात दुखतंय पण गिळण्याशी त्याचा संबंध नाही, जिना चढलं की वाढतं आणि थांबलं की थांबतं, तर तो घसा नसून हृदय असू शकतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती ऐकलेली माणसं फार कमी भेटतात. थायरॉइड जास्त काम करतो म्हणून कार्बिमाझोल घेणाऱ्यांना, तसंच केमोथेरपी किंवा सांधेवातासारख्या आजारात मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना घसादुखी आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला हव्यात. या औषधांनी त्या पेशी क्वचित एकदम घसरतात आणि पहिली खूण बऱ्याचदा घशातच उमटते. कार्बिमाझोल असेल तर अहवाल येईपर्यंत ते बंदही ठेवतात.

आणि सावकाश चालणारी दुखणी. तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, एकाच बाजूला टिकून राहिलेलं दुखणं किंवा त्यासोबतची कानदुखी, मानेत न दुखणारी गाठ, गिळताना अडकणं. ताप नाही म्हणून माणसं महिनोन्‌महिने गोळ्या चघळत बसतात. तंबाखू किंवा दारूची सवय असेल तर तीन आठवडे हीच शेवटची हद्द समजावी. नसेल तरीही दाखवावं.

घरी करण्यासारखं फार थोडं आहे आणि ते साधं आहे. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, पुरेसं पाणी, विश्रांती, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने ते २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर घेऊ नये. सर्दीच्या मिश्र गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरावं. मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. सोळाच्या आतल्या मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. आणि ताप मोजला की शेजारी शेवटच्या गोळीची वेळ लिहावी. एवढं त्या बुधवारी कोणी लिहिलं असतं आणि मी विचारलं असतं, तर आपण हे प्रकरण वाचत नसतो.

दहाव्या दिवशी तो परत आला. तीन बोटं सहज गेली, पडजीभ मधोमध. टॉन्सिल काढायचे का, हा प्रश्न त्याच्या आईने विचारला. असं गळू पुन्हा होण्याची शक्यता साधारण दहातल्या एका-दोघांना असते, आणि वरचेवर टॉन्सिलचा त्रास होणाऱ्यांना जास्त. त्याला याआधी असा त्रास फारसा झालेला नव्हता. मैत्रिणीचं आणि माझं मत एकच पडलं: सध्या थांबू.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याची बहीण आली. घसा दुखतोय, नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज पार बसलाय, ताप ९९.५. आई मागेच उभी. मी तपासलं आणि अँटिबायोटिक लिहिलं नाही.

"डॉक्टर, हिचंही याच्यासारखं झालं तर?" आई म्हणाली. विचारण्यात थोडी धार होती आणि ती माझ्या वाट्याची होती.

मी मुलीला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. गेली. म्हटलं, वहिनी, हे रोज सकाळी करून बघू दे, आणि पाचव्या दिवशी फोन करा. पाचव्या दिवशी फोन आला, तो मुलीनेच केला होता. घसा अजून खरखरत होता, पण दोन्हीकडे सारखाच.